मुलांची शाळा, पोषण आणि सुरक्षितता: नाशिककर पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

जून उजाडला की मुलांच्या शाळांसाठी पाठपुरावा करणाऱ्या आमच्या गटाला येणारे फोन वाढतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतून, पंचवटीतून, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून, दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांतून. प्रश्न बरेचसे तेच असतात, पण विचारणाऱ्याला वाटतं की ही अडचण आपल्या एकट्याचीच आहे. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला, तर तेही वाचा.

१. पाठपुरावा, धोरण, जनवकिली हे मोठे शब्द झाले. माझ्या मुलीच्या शाळेशी त्यांचा काय संबंध?

शाळेत प्यायला पाणी नाही, असं समजा. एक पालक रोज पाण्याचा जार आणून ठेवतो. ही मदत झाली, आणि ती त्या पालकाची नोकरी बदलेपर्यंत टिकते. सगळे पालक मिळून नळजोडणीची लेखी मागणी करतात आणि ती मिळेपर्यंत मागे लागतात, हा पाठपुरावा. तालुक्यातल्या पाणी नसलेल्या सगळ्या शाळांची यादी होऊन त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद होते, तेव्हा धोरण हललं. लोकांच्या वतीने हे सगळं करत राहणं म्हणजे जनवकिली.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बहुजनांच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झालं, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजलं तर १२८ वर्षं. आज आपण हक्काने भांडू शकतो, ते कुणीतरी आधी कागद लिहिला म्हणून.

२. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला नेमकं काय मिळतं?

६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी मोफत शिक्षण, घराजवळच्या शाळेत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना कलम १७ ने बंदी आहे.

शाळेलाही निकष आहेत. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, सुरक्षित पाणी, मैदान, ग्रंथालय, अडथळ्याविना आत जाता येईल असा रस्ता. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. हे आकडे पाठ करून ठेवा. "शिक्षक कमी आहेत" या वाक्याला कार्यालयात किंमत नसते. "पट ७४, कायद्याने शिक्षक तीन हवेत, आहेत एक" या वाक्याला असते.

३. तक्रार नेमकी कुणाकडे करायची? आम्हाला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात.

निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडतात, म्हणून आधी शाळा कुणाची आहे ते बघा.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. नाशिक किंवा मालेगाव महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग आणि आयुक्त. तिथे जिल्हा परिषदेचा अर्ज चालत नाही.

आदिवासी आश्रमशाळेबाबत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ती शिक्षण विभागाची नसते, आदिवासी विकास विभागाची असते. तक्रार नाशिक किंवा कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाते. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, ही आपल्या जिल्ह्याची सोय. नंदुरबारच्या पालकाला जिथे यायला अख्खा दिवस लागतो, तिथे आपण सकाळी निघून जेवायला घरी येऊ शकतो. ती सोय वापरली पाहिजे.

अंगणवाडीचा प्रश्न पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे न्यायचा.

४. शाळा व्यवस्थापन समिती कागदावरच आहे. मी तिचा सदस्य आहे हे मला सहीच्या वेळी कळलं. काय करू?

तुम्ही सदस्य आहात म्हणजे तुमच्या हातात साधन आहे. समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. अध्यक्ष पालकांमधून निवडायचा, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळा कशी चालते आणि आलेला निधी कसा खर्च होतो ते पाहणं, हे समितीचं कामच आहे.

पहिल्या बैठकीत भांडू नका, इतिवृत्ताची वही मागा. मागच्या बैठकांत काय ठरलं ते सगळ्यांसमोर वाचायला सांगा. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत वाचन सुरू झालं आणि दुसऱ्याच पानावर एक आई म्हणाली, "त्या दिवशी मी छाटणीला गेले होते, मग ही माझी सही कशी?" पुढच्या महिन्यापासून तिथे खरी बैठक भरू लागली.

दुसरं काम म्हणजे शाळा विकास आराखडा. तो समितीनेच करायचा असतो. डिसेंबरपर्यंत तयार झाला तर पुढच्या वर्षाच्या निधीशी त्याचा मेळ बसतो. मार्चमध्ये घाईने भरलेला आराखडा फायलीतच राहतो.

खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

५. निवेदन देऊन तीन महिने झाले, उत्तर नाही. पुढे काय?

पहिला प्रश्न आमचा: पोचपावती आहे का? दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नसेल तर तुमचं निवेदन कार्यालयाच्या दृष्टीने आलेलंच नाही. साहेबांच्या हातात दिलं, फोटो काढला, फेसबुकवर टाकला, आणि आवकमध्ये नोंदच नाही, असं फार होतं.

पोचपावती असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करा. म्हणजे शहरात महापालिका, ग्रामीण भागात जिल्हा परिषद. तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत, त्यामुळे लांब गाऱ्हाणं लिहू नका. "आमच्या दिनांक अमुकच्या, आवक क्रमांक तमुकच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी द्यावी" एवढं पुरतं. पुष्कळदा अर्ज पोचल्यावरच मूळ फाइल टेबलावर येते.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परताल.

६. ग्रामपंचायत म्हणते शाळेसाठी पैसे नाहीत. खरं का?

अर्धंच खरं. शिक्षकांचे पगार किंवा नवी खोली ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नसते. पण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्याशिवाय वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायत विकास आराखड्यानुसार खर्च होतो, आणि आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, हात धुण्याचे नळ, अंगणवाडीचं छप्पर ही कामं त्यात बसतात. आराखडा ठरण्याआधीच्या ग्रामसभेला पाच-दहा आया गेल्या आणि मागणी इतिवृत्तात लिहून घेतली, तर ती डावलणं अवघड जातं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असल्याने ग्रामसभेचं वजन आणखी मोठं आहे.

७. शाळेतला पोषण आहार पातळ असतो, कधी बंद असतो. विचारायचा आम्हाला अधिकार आहे का?

पूर्ण आहे. शिजवलेलं जेवण शाळेत द्या, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला दिला, आणि तो भुकेच्या प्रश्नावरच्या जनहित याचिकेतून आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क पक्का केला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. तांदळाचं माप रोज अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम.

आठवड्यातून एक दिवस दोन पालकांनी चव घ्यायला जावं आणि शाळेच्या नोंदवहीत लिहावं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी आधी बोला. बहुतेक वेळा डाळ पातळ होते ती माल उशिरा आल्यामुळे, आणि ते त्यांच्या हातात नसतं. अत्यल्प मानधनावर त्या चूल पेटवतात, तक्रारीचा पहिला घाव त्यांच्यावर पडू देऊ नका. धान्य किंवा इंधनाअभावी जेवण मिळालंच नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार मुलांना अन्न सुरक्षा भत्ता देय असतो. तो फारसं कुणी मागत नाही. मागा.

८. दिवाळीनंतर आम्ही कामासाठी गाव सोडतो. मुलांच्या शाळेचं काय?

या जिल्ह्यातला आमच्या मते सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रश्न हाच आहे. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला जातात. मोठी माणसं मळ्यात आणि आठ वर्षांची मुलगी लहान भावाला सांभाळत पालावर. मार्चमध्ये द्राक्षं पेट्यांत भरली जातात, तेव्हा तिच्या गावच्या शाळेत वार्षिक परीक्षेची तयारी चाललेली असते.

शिक्षण हक्क कायदा अशा मुलांच्या बाजूने आहे. कलम ५ नुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला मिळायला उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. कलम १५ नुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. "सरलवर नाव आधीच्या शाळेत दिसतंय" ही सरल या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदणीतली अडचण आहे, ती दोन मुख्याध्यापकांनी आपसात सोडवायची. तोवर मूल वर्गात बसलं पाहिजे.

गाव सोडण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. मूल कितवीत आहे, काय शिकलं आहे हे त्यावर असतं आणि नव्या शाळेत ते दाखवता येतं. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी करा. यात वेळ महत्त्वाची आहे. कुटुंबं दिवाळीनंतर निघतात, मग वसतिगृहाचा प्रस्ताव डिसेंबरात निघून काय उपयोग? समितीने पावसाळ्यातच घरोघर विचारून यादी करावी आणि भात कापणीच्या आत ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवावी.

द्राक्ष बागाईतदारांनाही सांगणं आहे. तुमच्या मळ्यापासून शाळा दोन किलोमीटरवर असेल तर सकाळी ट्रॅक्टरवर मुलांना सोडणं अवघड नाही. काही जण हे करतात, आणि त्यांच्याकडे मजूर दरवर्षी परत येतात.

सीमेपलीकडच्या डांगमधून येणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे: पुस्तक गुजराती, शाळा मराठी, घरची बोली कोकणा. त्यांना आधी बोलीतून बोलणारं कुणीतरी वर्गात हवं. शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असं कलम २९ मध्येच लिहिलेलं आहे.

९. पट कमी म्हणून आमच्या पाड्याची शाळा दुसऱ्या गावात हलवणार आहेत. थांबवता येईल का?

प्रयत्न नक्की करता येतो, पण तो अंतराच्या मुद्द्यावर करा. भावनेचा मुद्दा फायलीत लिहिता येत नाही. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे तत्त्व आहे. नकाशावरचं अंतर आणि पायवाट यांत सह्याद्रीत फार फरक पडतो. मुलं ज्या वाटेने जातील ती चालून मोजा. मध्ये ओहोळ आहे का, जुलै-ऑगस्टमध्ये किती दिवस तो ओलांडता आला नाही, याची तारखेनुसार नोंद करा. ठराव आधी शाळा समितीचा घ्या, मग ग्रामसभेचा.

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शाळा बंद झाल्यावर नाशिकला जिल्हा परिषदेत आली आणि आमची दप्तरं घ्या, राखायला बकऱ्या द्या, असं म्हणाली. राज्यभर त्याची बातमी झाली. शाळा गेल्यावर पाड्यावरच्या मुलाचं पुढे काय होतं, ते त्या मुलांनी मोठ्यांपेक्षा नेमकं सांगितलं. (मुलांना अशा ठिकाणी न्यावं का, याबद्दल प्रश्न १६.)

१०. खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांचं काय? शाळा म्हणते सरकारकडून पैसे आले नाहीत, तुम्ही फी भरा.

भरू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळेत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या असतात आणि त्याचे पैसे शासन शाळेला देतं. ही प्रतिपूर्तीची रक्कम हा शाळा आणि शासन यांच्यातला हिशोब आहे, मुलाला त्यात ओढता येत नाही. फी मागितल्याचा संदेश किंवा पावती जपून ठेवा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. शाळांची थकबाकीची तक्रार मात्र आम्ही खोटी म्हणणार नाही. पालकांनी शासनाकडे ती रक्कम वेळेवर देण्याची मागणीही केली पाहिजे, म्हणजे शाळेशी भांडण निम्म्याने कमी होतं.

दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित घटकांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही सवलत आठवीपर्यंतच असते, नववीच्या फीची तयारी आधीपासून करा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. सामान्य पालकांच्या याचिकेने नियम बदलतो का, असं कुणी विचारलं की आम्ही हेच उदाहरण देतो.

बाकी मुलांच्या फीवाढीबद्दल थोडक्यात: २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. त्या दिवशी हजर राहा.

११. आमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे. तिथे हा कायदा लागतो का?

मालेगावातून हा प्रश्न हमखास येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, शिक्षण हक्क कायदा लागू नाही. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका मांडून विषय मोठ्या खंडपीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. पण मारहाण, लैंगिक अत्याचार यांबद्दलचे इतर कायदे प्रत्येक शाळेला लागू आहेत, तिथे कुणालाही सूट नाही.

१२. मुलगा अकरा वर्षांचा आहे, शाळेत कधी गेलाच नाही. आता पहिलीत बसवणार का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास प्रशिक्षणाचा हक्कही. आठवी पूर्ण होण्याआधी तो १४ वर्षांचा झाला, तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच राहतं. "वय उलटलं" हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

१३. मुलीला अपंगत्व आहे. शाळा म्हणते विशेष शाळेत घाला.

निवड तुमची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळतं. तीव्र अपंगत्व असेल तर घरी शिकवण्याचीही सोय आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकाची चौकशी करा.

१४. गावात एका अल्पवयीन मुलीचं लग्न ठरलंय, आणि दोन मुलं मेंढपाळाकडे कामाला पाठवलीत. कुणाला सांगू?

आजच सांगा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर. नाव सांगायची सक्ती नाही. बालविवाहासाठी गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच प्रतिबंधक अधिकारी आहेत आणि लग्नाच्या आधी कळवलं तरच मुलगी वाचते.

१४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. घरच्या कामात शाळेनंतर हातभार लावणं आणि बालकलाकार म्हणून काम करणं एवढेच अपवाद. उचल घेऊन मूल पाठवलं असेल तर ती वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्याखाली तहसीलदार व जिल्हाधिकारी यांनी त्याला सोडवायचं असतं. सोडवल्यावर मुक्तता दाखला हट्टाने मागा, पुनर्वसनाची मदत त्यावरच मिळते. इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर अशी पाठवली जात होती, हे २०२२ मध्ये उघड झालं ते एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. ती मुलं शाळेत गैरहजर होती. हजेरीपटावरच्या त्या रिकाम्या चौकटी आधी कुणी विचारल्या असत्या तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेत बसून मिटवण्याचा विषय तो नाही.

१५. तक्रार केली तर शाळा मुलावर राग काढेल. आणि मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक असेन तर?

भीती खरी आहे. आमच्यातल्याच एका आईच्या मुलाला तक्रारीनंतर आठवडाभर शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तेव्हापासून आम्ही एकट्या पालकाच्या नावाने पत्र देत नाही. किमान दहा सह्या, किंवा समितीचा ठराव. मारहाण किंवा छळाच्या बाबतीत मात्र वाट न पाहता थेट १०९८ किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष.

शिक्षकांनी सेवाशर्ती सांभाळून करण्यासारखं एक काम आहे: इतिवृत्त खरं लिहा. गळकं छप्पर, रिक्त पद, शिकवण्याबाहेरची कामं, सगळं तारखेसह. कायद्याने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात. तुम्ही लिहिलेल्या ओळीवर पालक बोलू शकतात.

१६. मुलांना मोर्चात न्यावं का? फोटो टाकावेत का?

आमच्यातही यावर एकमत नाही. मूल स्वतःच्या शाळेबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलत असेल तर त्याला ऐकलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतलं कलम १२ हेच सांगतं आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. पण उन्हात तासन्‌तास बसवणं, पाठ केलेल्या घोषणा द्यायला लावणं नको. त्यापेक्षा बालसभा भरवा. एका पाड्यावर मुलांनी पहिली मागणी कोणती केली, तर संध्याकाळी अभ्यासाला दिवा. मोठ्यांच्या यादीत तो नव्हता.

फोटोबाबत नियम कडक ठेवा. अत्याचारग्रस्त, सुटका केलेल्या किंवा बाल कल्याण समितीपुढे असलेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा, काहीही उघड करणं गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा.

१७. निवेदन लिहायचं कसं? नमुना द्या.

एका पानात, एका विषयाचं. वरती योग्य अधिकाऱ्याचं पद (प्रश्न ३). मग तीन परिच्छेद, उदाहरणार्थ:

"आमच्या शाळेत पहिली ते पाचवी ७४ मुलं आहेत. जून महिन्यापासून एकच शिक्षक आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीनुसार या पटाला तीन शिक्षक आवश्यक आहेत. याबाबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडला आहे.

रिक्त पदांवर नेमणूक होईपर्यंत पर्यायी शिक्षक १५ दिवसांत द्यावेत आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती."

खाली सह्या आणि अंगठे, आणि प्रत्येक सहीपुढे आपलं मूल कितवीत आहे ते लिहा. दोन प्रती काढा. एक तिथे द्यायची, शिक्का मारलेली दुसरी घरी आणायची.